जीवशास्त्राचा अभ्यास आणि आपली मुले-मुली

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींनी तयारी कशी करावी आणि पुढे काय करावे, या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक आहे. तेव्हा हा विषय विज्ञानाच्या शिक्षकाकडे का दिला नाही, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, दहावीचा निकाल लागला म्हणजे पालक सल्ल्यासाठी प्रथम वर्गशिक्षकाकडे येतात, आणि बारावीचा निकाल मनासारखा लागला नाही म्हणजे पुन्हा त्याच्याकडेच येतात. या दोन भेटींच्या दरम्यान मुलांचे काय होते, ते मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. त्या अनुभवातून चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या समाजात 'मुलाने बायोलॉजी घेतले' याचा अर्थ 'मुलगा डॉक्टर होणार' असाच केला जातो. डॉक्टर होण्याची इच्छा उत्तम आहे. ती कोणी सोडावी असे मी म्हणणार नाही. पण त्या वाटेचा हिशेब प्रत्येक घराने डोळे उघडे ठेवून मांडला पाहिजे. २०२५ साली 'नीट' परीक्षेला देशातून सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक 'पात्र' ठरले. एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सरकारी आणि खासगी मिळून सुमारे १ लाख १८ हजार होत्या. म्हणजे परीक्षेला बसलेल्या अठरा-एकोणीस जणांमागे जागा एक, आणि 'पात्र' ठरलेल्या दहांमागेही जागा एकच. त्यातही सरकारी फी भरून शिकता येईल अशा जागा त्याहून बऱ्याच कमी.

'पात्र' या शब्दाने आपल्याकडे फार घोटाळा होतो. मुलगा नीट पास झाला म्हणून घरी पेढे वाटले जातात. दुसऱ्याच आठवड्यात एखादा एजंट दारात येतो आणि परदेशातील कॉलेजचे चकचकीत माहितीपत्रक पुढे ठेवतो. आपण शेत विकायला किंवा दागिने गहाण ठेवायला निघतो. परदेशी शिकलेले सगळेच फसतात असे नाही. पण तेथे पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी तपासल्या पाहिजेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे तो अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिक्षण इंग्रजीतून हवे, आणि एक वर्षाची इंटर्नशिप त्याच संस्थेत व्हायला हवी. शिवाय परत आल्यावर येथे परवान्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी नापास होतात. एजंट हे सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

माझ्या माहितीतील एका फळविक्रेत्याच्या मुलीचे उदाहरण देतो. मुलगी हुशार आणि कष्टाळू. तिने तीन वेळा नीट दिली. दर वर्षी गुण वाढले, पण जागेपर्यंत पोहोचले नाहीत. या तीन वर्षांत तिने बी.एस्सी., फार्मसी, नर्सिंग यांपैकी कशाचाही अर्ज भरला नव्हता, कारण 'दुसरा अर्ज भरला तर मन विचलित होईल' असे घरच्यांना वाटले. चौथ्या वर्षी तिचे शिक्षण थांबले. तिच्याबरोबर शिकणारी दुसरी मुलगी, टेम्पोचालकाची. गुण हिच्याहून कमी. तिने एकदाच नीट दिली, मग सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले, पुढे एम.एस्सी. केले, आणि आज ती एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत काम करून धाकट्या भावाची फी भरते. दोघींच्या बुद्धीत फरक नव्हता. एकीच्या घरात दुसरी वाट ठाऊक होती आणि दुसरीच्या घरात ती ठाऊक नव्हती, एवढाच फरक होता. ही दुसरी वाट प्रत्येक घराला ठाऊक व्हावी, हाच माझ्या बोलण्याचा हेतू.

या वाटा शोधायला दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून उभे आहे. आज बाजारात ज्या 'भगवा' डाळिंबाला मागणी आहे, तो वाण याच विद्यापीठाने दिला. होल्स्टिन, जर्सी आणि गीर या तीन जातींच्या संकरातून तयार झालेली 'फुले त्रिवेणी' गाय येथलीच. आपले बागवान बंधू ते डाळिंब विकतात आणि आपले कुरेशी बंधू जनावरांची पारख पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. मग त्यांच्या मुलांनी डाळिंबाचा नवा वाण काढणारा शास्त्रज्ञ किंवा जनावरांचा डॉक्टर होण्याचा विचार का करू नये? कृषी पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि त्याचा प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. पशुवैद्यकीय पदवी साडेपाच वर्षांची असून नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत तिचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. म्हणजे नीटचा अभ्यास एम.बी.बी.एस. न मिळाल्यास वाया जातो असे नव्हे. तोच गुणांक बी.डी.एस., बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस., बी.यू.एम.एस. आणि पशुवैद्यकाला चालतो. युनानीसाठी दहावीला घेतलेला उर्दू विषय उपयोगी पडतो. पुण्याला आणि मालेगावला युनानीची महाविद्यालये आहेत. उर्दू माध्यमाच्या मुलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

औषधनिर्माणाकडे पाहा. ख्वाजा अब्दुल हमीद या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली मुंबईत 'सिप्ला' कंपनी स्थापन केली. त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांच्या काळात, २००१ साली, याच कंपनीने एड्सवरील औषधे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी खर्चात देऊ केली आणि आफ्रिकेतील लाखो गरीब रोग्यांना जगण्याची आशा मिळाली. गोळी लिहून देणाराइतकाच ती गोळी तयार करणाराही रोग्याचा जीव वाचवतो, हे यातून दिसते. फार्मसीची पदविका दोन वर्षांची आणि पदवी चार वर्षांची आहे.

लसींचेही तसेच. १८९७ साली हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून आणि सिरम इन्स्टिट्यूट १९६६ पासून काम करत आहे. करोनाच्या साथीत या दोन्ही नावांचा उल्लेख आपण रोज ऐकत होतो. अशा संस्थांत काम करणारी बहुतेक माणसे बी.एस्सी., एम.एस्सी., पीएच.डी. झालेली असतात.

आता जामखेडचे उदाहरण सांगतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी खेड्यातील स्त्रियांना, त्यांतील पुष्कळशा निरक्षर, आरोग्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, जुलाब झाल्यास मीठ-साखरेचे पाणी देणे, बाळंतपणात स्वच्छता राखणे अशी कामे या स्त्रिया करू लागल्या आणि बालमृत्यू झपाट्याने कमी झाले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. जिवंत सृष्टीचे ज्ञान कोणा एका जातीची, धर्माची किंवा शहराची मक्तेदारी नाही, याचे हे आपल्याच जिल्ह्यातील दोन दाखले.

खेरीज नर्सिंग आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञान आहे, दृष्टितपासणी आहे, दुग्ध व अन्न तंत्रज्ञान आहे, वनखाते आहे, आणि बी.एस्सी., बी.एड. होऊन शाळेत विज्ञान शिकवणेही आहे. आपल्या शाळांना विज्ञानाच्या चांगल्या शिक्षकांची किती गरज आहे, ते मी वेगळे सांगायला नको.

आता तयारीविषयी. माझ्या मते ती चार प्रकारची आहे.

पहिली तयारी भाषेची. आपली बहुतेक मुले उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी होतात आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतात. पहिल्या चाचणीत गुण कोसळले की मुलाला वाटते आपल्याला विज्ञान जमत नाही. खरे पाहता अडचण विज्ञानाची नसून शब्दांची असते. 'खलिया', 'पेशी' आणि 'सेल' ही एकाच वस्तूची तीन नावे आहेत. 'तवारुस', 'आनुवंशिकता' आणि 'हेरेडिटी' हीदेखील एकच गोष्ट. ज्याला एक नाव अर्थासह माहीत आहे, त्याला दुसरे शिकायला फारसा वेळ लागत नाही.

यासाठी मी मुलांना एक वही करायला सांगतो. पानावर तीन रकाने आखायचे: इंग्रजी शब्द, आपल्या माध्यमातील शब्द, आणि त्या शब्दाचे तुकडे. हे तुकडे महत्त्वाचे. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे जुळवणी. मग फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने झाडाने केलेली अन्नाची जुळवणी. 'साइट' किंवा 'सायटो' म्हणजे पेशी, 'एरिथ्रो' म्हणजे तांबडा, 'ल्युको' म्हणजे पांढरा. मग एरिथ्रोसाइट आणि ल्युकोसाइट पाठ करण्याची गरज राहत नाही. 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, आणि 'आयटिस' म्हणजे दाह. असे शंभर तुकडे आले की हजार शब्द आपोआप उलगडतात. दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंत जी मोठी सुट्टी मिळते, तिच्यात रोज पाच शब्द लिहिले तरी हे काम होऊन जाते. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतून आणि २०१८ पासून उर्दूतूनही मिळू लागली, ही सोय जरूर आहे. पण पुढील पुस्तके इंग्रजीतच असतात. म्हणून मातृभाषेतून समजून घ्यावे आणि इंग्रजीतून लिहिण्याचा सराव करावा, असा माझा सल्ला आहे.

दुसरी तयारी डोळ्यांची. जीवशास्त्र हे पाहण्याचे शास्त्र आहे, आणि पाहण्यासाठी घरात पुष्कळ आहे. शीरखुर्म्यासाठी मनुके पाण्यात टाकले की फुगतात. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. एकीकडे पाणी आत गेले, दुसरीकडे बाहेर आले. परासरण म्हणजे हेच. ईद-उल-अजहाला कुर्बानी झाल्यावर बकऱ्याचे हृदय हातात घेऊन पाहावे. त्याचे चार कप्पे आणि मधल्या झडपा स्पष्ट दिसतात. श्वासनलिकेवरच्या कूर्चेच्या कड्या बोटांना लागतात. फुप्फुसाचा तुकडा पाण्यावर तरंगतो, काळजाचा बुडतो. का, याचा विचार करावा. वजडी साफ करताना आईला विचारावे, म्हणजे तिच्यातील मधाच्या पोळ्यासारखा भाग आणि पुस्तकाच्या पानांसारखा भाग ती दाखवील. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार भाग पुस्तकात ज्या चित्रात आहेत, ते चित्र मग विसरणे शक्य नाही.

पाहण्याचा विषय निघाला म्हणून दोन थोर माणसांची आठवण करून देतो. मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ ते १९४५ या काळात आपल्याच अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत होते. तेथे लिहिलेल्या 'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या प्रसिद्ध पत्रांत, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. दाणे टाकून त्यांनी त्या पाखरांची भीती हळूहळू कशी घालवली, त्यांच्या सवयी कशा न्याहाळल्या, ते त्यांनी मोठ्या बारकाईने लिहिले. ते शास्त्रज्ञ नव्हते, पण दृष्टी शास्त्रज्ञाची होती.

दुसरे डॉ. सालिम अली. जन्म मुंबईचा, १८९६ चा. लहानपणीच आईवडील गेले आणि ते मामांच्या घरी वाढले. दहा वर्षांचे असताना छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा दिसला, म्हणून ही कोणती जात, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे त्यांना हवी ती सरकारी नोकरी मिळाली नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाही १९३० च्या सुमारास पैशाअभावी बंद झाली. तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, त्याने त्यांचे नाव झाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक निघाले. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. पदवी नको, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. आजच्या काळात पदवी हवीच. पण पदवीच्या आधी 'ही चिमणी वेगळी का दिसते' हा प्रश्न मनात यायला हवा, एवढे यातून घ्यावे. आपल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य १९८० पासून आहे. आपल्यापैकी किती मुलांनी ते पाहिले आहे? पुढच्या वर्षी संस्थेने सहल तेथे न्यावी, अशी माझी विनंती आहे.

याच संदर्भात प्रात्यक्षिकांचा मुद्दा येतो. हल्ली कॉलेजात फक्त नाव घालायचे आणि दिवसभर क्लासला बसायचे, अशी रीत पडली आहे. अशा मुलाने दोन वर्षांत कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टीही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली नसते. परीक्षेत त्याचे निभावेलही, पण पुढे प्रयोगशाळेत तो गोंधळतो. कॉलेज निवडताना पालकांनी प्रयोगशाळा स्वतः पाहावी आणि आठवड्यातून प्रात्यक्षिके किती होतात ते विचारावे.

तिसरी तयारी गणिताची. 'बायोलॉजी घेतले, आता गणित सुटले,' असे मुले आनंदाने सांगतात. हा आनंद महागात पडतो. मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्यावर प्रयोग केले, तेव्हा गोल आणि सुरकुतलेले दाणे मोजले. ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. भागाकार केला तर प्रमाण जवळजवळ तिनास एक येते. आनुवंशशास्त्राचा पाया या मोजणीवर उभा आहे. आजही औषध लागू पडते की नाही, साथ वाढते की घटते, हे संख्याशास्त्रानेच ठरते. पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत, जी २००६ साली सुरू झाली, प्रवेशासाठी जी अभियोग्यता चाचणी असते, तिच्यात ६० प्रश्नांपैकी १५ गणिताचे असतात. म्हणून ज्याला झेपेल त्याने अकरावीला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घ्यावे. ज्याला झेपणार नाही, त्याने निदान टक्केवारी, गुणोत्तर, आलेख आणि संभाव्यता यांचा सराव सोडू नये. नीटमध्येही जीवशास्त्राचे प्रश्न ९० असले तरी पदार्थविज्ञान आणि रसायन यांचे मिळून तितकेच असतात, आणि आपली मुले बहुधा पदार्थविज्ञानातच मागे पडतात.

चौथी तयारी वेळेची आणि कागदपत्रांची. अकरावीला बोर्डाची परीक्षा नाही, म्हणून ते वर्ष विश्रांतीचे समजले जाते. पण नीटचा अभ्यासक्रम दोन्ही वर्षांचा आहे, आणि राज्याच्या सीईटीतही सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. अकरावीचा प्रत्येक धडा झाल्यावर त्याच आठवड्यात त्याच्यावरचे प्रश्न सोडवावेत. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्याला १ गुण कापला जातो. तेथे अंदाजाने गोळी मारू नये. सीईटीत गुण कापले जात नाहीत, तेथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीट देणाऱ्या प्रत्येक मुलाने सीईटीचा अर्जही भरावा. नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तिचीही तारीख पाहावी. अर्ज भरला म्हणून प्रवेश घेतलाच पाहिजे असे नाही. पण अर्ज भरला नाही तर दार वर्षभर बंद.

कागदपत्रांविषयी तर हात जोडून सांगतो. तांबोळी, पिंजारी, बागवान अशा आपल्यातील अनेक जमाती इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो. हा पुरावा बहुधा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात असतो, आणि तो काढायला महिने लागतात. निकाल लागल्यावर धावपळ करून तो मिळत नाही. दहावीतच या कामाला लागावे. जे या यादीत नाहीत त्यांनी उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला काढावा. नावाचे स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकसारखे असावे. एका कागदावर 'शेख' आधी आणि दुसऱ्यावर शेवटी, अशा किरकोळ गोष्टीवरून प्रवेश अडलेला मी पाहिला आहे.

आता मुलींविषयी थोडे. आपल्या शाळांत दहावीला मुली पुढे असतात. मग पदवीपर्यंत त्या का पोहोचत नाहीत? कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, या मराठी मुलीने १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तेव्हा ती मुलगी आहे म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रथम नकार दिला. ती हटली नाही. शेवटी एक वर्ष काम पाहून मग ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. तिचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९३९ साली तिने केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे मायदेशी परतून नीरेतील पोषणद्रव्यांवर संशोधन केले, आणि त्याचा लाभ कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना झाला.

आपल्या मुलींपुढे रामन यांच्यासारखा नकार देणारा कोणी बसलेला नाही. त्यांची अडचण निराळी आहे: गाव ते कॉलेज एस.टी., वसतिगृहाची काळजी, आणि 'इतके शिकून काय करायचे' हा घरातलाच प्रश्न. फीच्या बाबतीत सांगायचे तर, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क संपूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. म्हणजे पुन्हा गोष्ट दाखल्यावर येऊन थांबते. एस.टी.ची आणि वसतिगृहाची अडचण एकट्या बापाला सुटत नसेल, तर चार बापांनी मिळून सोडवावी. एका गावातील चार मुली एकाच कॉलेजात गेल्या तर सोबत होते, काळजी कमी होते. हे काही फार अवघड नाही.

आणि संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी एक माहिती. एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७ हजार रुपये आहे. शिकत असतानाच मुलगा किंवा मुलगी घराला हातभार लावू शकते. डॉ. ओबेद सिद्दिकी हे उत्तर प्रदेशातील बस्तीचे, अलिगढला शिकलेले. त्यांनी १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढे बंगलोरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे केले. फळांवर बसणाऱ्या चिलटासारख्या माशीला वास आणि चव कशी कळते, यावर त्यांनी आयुष्य वेचले, आणि २००६ साली देशाने त्यांना पद्मविभूषण दिले. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंची आणि नटांची नावे पाठ असतात. त्यांत हेही एक नाव असावे.

शेवटी पालकांना माझे तीन मागणे आहेत. एक, अकरावीचा प्रवेश घेण्यापूर्वी मुलाला काय आवडते ते त्यालाच विचारा, शेजाऱ्याच्या मुलाने काय घेतले ते पाहू नका. दोन, नीटसाठी किती वेळा बसायचे हे आधीच ठरवा. एक वर्ष जादा देणे समजू शकतो. पण त्या वर्षी दुसरे अर्ज भरलेले असलेच पाहिजेत. तीन, गुण कमी आले त्या दिवशी मुलाला एकटे सोडू नका आणि रागावूही नका. त्या दिवशी त्याला आईबापांची गरज सर्वांत जास्त असते.

संस्थेकडेही एक मागणे आहे. दर वर्षी दहावीच्या निकालानंतर एक रविवार ठरवून दाखले, अर्ज आणि शब्दांची वही यांसाठी शाळेचे दार उघडे ठेवावे. आपले माजी विद्यार्थी, जे आज दवाखान्यात, औषधांच्या दुकानात, दूध प्रकल्पात किंवा कृषी विद्यापीठात काम करतात, त्यांना त्या दिवशी बोलवावे. मुलांना त्यांच्याशी समोरासमोर बोलता येईल आणि शंका विचारता येतील. त्या रविवारी अर्ज भरून देण्याच्या कामाला मी स्वतः सकाळपासून हजर राहीन.